सोन्याचा लाल द्रव आणि दुधाची पट्टी : माझा अनुभव

दुधातलं अफ्लाटॉक्सिन ओळखणारी कागदी पट्टी तयार करायची, असा माझ्या पीएचडीचा विषय ठरला, तेव्हा घरच्यांना वाटलं मी दुधातली भेसळ पकडणार. भेसळीचा इथे संबंध नाही. सरकी पेंड, भुईमूग पेंड किंवा मक्याला ओल लागली की त्यावर अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस नावाची बुरशी चढते आणि अफ्लाटॉक्सिन बी1 हे विष तयार होतं. ती पेंड खाल्लेल्या गाई-म्हशीच्या यकृतात बी1 चं एम1 होतं आणि ते दुधात उतरतं. दूध कितीही उकळा, जात नाही. आपल्याकडे दुधात त्याची मर्यादा किलोला 0.5 मायक्रोग्रॅम आहे, युरोपात 0.05. एवढ्याशा विषाचा पत्ता डोळ्यांना दिसेल अशा रेघेतून लावायचा, तर त्या रेघेला रंग देणारं काहीतरी लागतं. ते म्हणजे सोन्याचे नॅनोकण, डोळ्यांना न दिसणारे अतिसूक्ष्म कण. घरी वापरायच्या गर्भचाचणीच्या पट्टीतली लाल रेघ बहुतेक वेळा त्यांचीच असते.

सोनं येतं क्लोरोऑरिक आम्लाच्या रूपात. एक ग्रॅमची इवलीशी कुपी, आत केशरी-पिवळे खडे, आणि किंमत अशी की खरेदीच्या फाइलवर सही मिळेपर्यंत जीव टांगणीला. हे खडे हवेतलं पाणी झपाट्यानं ओढतात. त्यामुळे कुपी उघडून थोडं थोडं वजन करत बसायचं नाही. उघडली की सगळी एकदम पाण्यात विरघळवायची आणि तो साठा फॉइल गुंडाळलेल्या बाटलीत ठेवायचा. धातूचा चमचा लावायचा नाही, कारण सोन्याचं क्षपण, म्हणजे परत धातू होणं, तिथंच सुरू होतं.

खरी मेहनत मात्र भांडी घासण्यात. काचेचा प्रत्येक चंबू अम्लराजानं, म्हणजे एक भाग नायट्रिक आणि तीन भाग हायड्रोक्लोरिक आम्लाच्या मिश्रणानं धुवायचा. हे मिश्रण ताजंच करायचं, फ्यूम हूडमध्येच, म्हणजे विषारी वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटातच, वापरायचं आणि घट्ट बूच लावून कधीच ठेवायचं नाही. त्यातून वायू सुटत राहतो आणि बाटली फुटू शकते. मग अतिशुद्ध पाण्यानं इतकं विसळायचं की कंटाळा यावा. मागच्या प्रयोगाचा सोन्याचा कण काचेला चिकटून राहिला तर नवे कण त्याच्यावर वाढत बसतात आणि आकाराचा पार विचका होतो.

कृती जुनी आहे. मायकेल फॅरेडेनं 1857 मध्ये सोन्याच्या लाल द्रवांवर निबंध वाचला. त्याची एक बाटली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये अजून आहे, लालच आहे. सायट्रेट (सायट्रिक आम्लाचा क्षार) वापरून सोन्याचे कण करायची कृती टर्केविच आणि सहकाऱ्यांनी 1951 मध्ये पक्की केली, आणि सायट्रेटचं प्रमाण बदलून कणांचा आकार बदलता येतो हे फ्रेन्सनं 1973 मध्ये दाखवलं. सोन्याचं फिकट पिवळं द्रावण खळखळ उकळू द्यायचं, जोरात ढवळत ठेवायचं आणि गरम सायट्रेट एका दमात ओतायचं. आधी रंग पूर्ण जातो. मग काळपट जांभळी छटा येते, काही वेळ वाटतं बिघडलं. आणि मग बघता बघता माणकासारखा लाल. आमच्या प्रयोगशाळेतले मामा दारातून डोकावले आणि म्हणाले, "ताई, कोकम सरबत केलंय का?" मी म्हटलं, "मामा, प्यायचं नाही बरं का, महागात पडेल."

हा लाल रंग येतो तो कणांच्या पृष्ठभागावरचे इलेक्ट्रॉन 520 नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश गिळतात म्हणून. कण एकमेकांना चिकटले की प्रकाश गिळण्याचा शिखरबिंदू लांब तरंगलांबीकडे सरकतो आणि द्रव निळा-जांभळा होतो. माझं पुढचं सगळं काम एका अर्थी हे लाल निळं होऊ न देण्याचं होतं.

पट्टीसाठी साधारण 40 नॅनोमीटरचे, गोल आणि एकसारखे कण लागतात. इथे जरा विषयांतर करते. पुण्याच्या एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत) मुरली शास्त्री यांच्या गटानं गवती चहाच्या अर्कातून सोन्याचे त्रिकोणी पत्रे बनवले, ते 2004 मध्ये प्रसिद्ध झालं आणि ते काम खरोखर सुंदर आहे. पण त्यानंतर जो तो अंगणातला पाला उकळून नॅनोकण करायला लागला. आकारावर ताबा नसेल तर असे कण पट्टीच्या काय कामाचे, हे विचारलं की उत्तर मिळत नाही. मी सायट्रेटलाच धरून राहिले. आधी 15 नॅनोमीटरच्या आसपासचं बीज, म्हणजे छोटे कण, करायचं, मग त्याच्यावर हळूहळू सोनं चढवायचं.

आकार मोजायला हाताशी असतं ते डीएलएस यंत्र, कणांवरून विखुरलेल्या प्रकाशावरून आकार काढणारं. त्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. विखुरलेला प्रकाश व्यासाच्या सहाव्या घातानं वाढतो. म्हणजे 100 नॅनोमीटरचा एक कण 10 नॅनोमीटरच्या 10 लाख कणांइतका प्रकाश टाकतो. धुळीचा एक ठिपका आला की सगळा आलेख बिघडतो. खरं काय ते टीईएमवर, म्हणजे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर कळतं. त्यासाठी ऑनलाइन नोंदणी, पैसे भरणं, विभागप्रमुखांचं पत्र, मग वाट बघणं. एका केंद्रावर मी रात्रीच्या गाडीनं पोचले तेव्हा कळलं की यंत्राचा पंप बसलाय. फोन करायचं कुणाला सुचलं नव्हतं. नंतर दुसरीकडे वेळ मिळाली. 3 मिलिमीटरची तांब्याची जाळी, तिच्यावर कार्बनचा पापुद्रा, त्यावर एक थेंब. तिथले ऑपरेटर सर मोजकंच बोलणारे. थेंब जाळीवर वाळू न देता फिल्टर पेपरच्या टोकानं टिपून घे, एवढंच म्हणाले. वाळताना थेंबाच्या कडेला कण गोळा होतात आणि नसलेले गुठळे दिसायला लागतात. त्या एका सूचनेनं माझी चित्रं बदलली. पडद्यावर काळे, गोल, सुटे सुटे ठिपके आले तेव्हा मी खुर्चीतून उठूनच बघत होते.

मग आली अँटिबॉडी, म्हणजे एम1 ला नेमकं पकडणारं प्रथिन. ते सोन्याच्या कणांवर बसवायचं असतं. सायट्रेटचं सोनं आम्लधर्मी असतं, म्हणून पोटॅशियम कार्बोनेटनं पीएच साडेआठच्या आसपास न्यायचा. मीटरचा इलेक्ट्रोड उघड्या सोन्यात बुडवायचा नाही, कण त्याच्यावर बसतात. पीएच पेपरच बरा. ओळीनं नळ्या मांडायच्या, प्रत्येकीत सोनं तेवढंच, अँटिबॉडी चढत्या प्रमाणात, आणि शेवटी सगळ्यांत मीठ. मीठ कणांमधलं विद्युत प्रतिकर्षण दाबून टाकतं, त्यामुळे अँटिबॉडीनं न झाकलेले कण लगेच निळे पडतात. जी पहिली नळी लाल राहते, त्याहून थोडी जास्त अँटिबॉडी घ्यायची. उरलेली जागा बीएसए प्रथिनानं भरायची आणि सेंट्रिफ्यूज (गरगर फिरवून कण खाली बसवणारं यंत्र) बेतानं चालवायचं. तयार माल फ्रिजमध्ये ठेवायचा, फ्रीझरमध्ये कधीच नाही. एकदा गोठला की तो परत लाल होत नाही.

पट्टीचं तत्त्व ऐकायला सोपं आहे. नायट्रोसेल्युलोजच्या कागदासारख्या पट्टीवर चाचणीच्या रेघेत एम1 बांधलेलं असतं. दूध स्वच्छ असेल तर सोन्यावरची अँटिबॉडी तिथं येऊन बसते, रेघ लाल होते. दुधात विष असेल तर अँटिबॉडीच्या जागा आधीच भरलेल्या असतात, ती रेघेवर थांबत नाही, पुढच्या कंट्रोल रेघेवर, म्हणजे पट्टी नीट चालली हे दाखवणाऱ्या रेघेवर जाते. प्रत्यक्षात दुधातली साय पट्टीची छिद्रं बुजवते. दूध थंड करून, फिरवून वरचा स्निग्ध थर काढावा लागतो. त्यात आमच्याकडचा पावसाळा. जून ते सप्टेंबर प्रत्येक पाकिटात सिलिका जेलची पुडी, आणि पट्ट्या कापायच्या त्या डीह्युमिडिफायरच्या खोलीत, नाहीतर कागद ओल धरतो आणि सोनं ते सुकवून ठेवलेल्या पॅडमधून सुटतच नाही.

मापून विष मिसळलेल्या दुधावर किलोला 0.5 मायक्रोग्रॅमच्या पातळीला रेघ पुसट व्हायला लागली, तेव्हा माझ्या मार्गदर्शक मॅडमनी गावातल्या दूध संकलन केंद्रावर पट्ट्या द्यायला सांगितलं. तिथल्या सचिवांनी पट्टी उजेडात धरली आणि म्हणाले, "एकच रेघ आलीय. म्हणजे चांगलंय ना?" कोविडच्या किटनं सगळ्यांना तेच शिकवलंय : एक रेघ म्हणजे सुटलो. आमच्या पट्टीत नेमकं उलटं. एवढ्या नॅनोमीटरच्या हिशेबात हे आमच्या कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. आता पाकिटावर ठळक छापतो, "दोन रेघा : दूध घ्या. एक रेघ : दूध बाजूला ठेवा." शंकेचा नमुना एचपीएलसीला, म्हणजे प्रयोगशाळेतल्या नेमक्या मोजणीला जातो, आणि त्या गोठ्यातली पेंड बघायला सचिव स्वतः जातात.