बरं, मग परवा

मुंबईची एक ऑडिओ कंपनी माझ्याकडून भुताच्या गोष्टी लिहून घेते. वाचायच्या नव्हेत, ऐकायच्या. गोव्याच्या सरकारी कदंब बसमध्ये खिडकीशी बसून इअरफोन लावलेल्या माणसाची मान मागे वळली पाहिजे, एवढंच माझं काम. लोकांना वाटतं मी रात्री लिहीत असेन. मी सकाळी साडेनऊला बसते. शेजारच्या फ्लॅटमधल्या कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत भूत साधारण जिन्याशी पोचलेलं असतं. मेणबत्तीच्या उजेडात कळफलक दिसत नाही, आणि घाबरलेल्या माणसाला विशेषणं तेवढी सुचतात, क्रियापदं सुचत नाहीत. विशेषणांनी कोणी घाबरत नाही.

आमच्या निर्मात्याला हे पटत नाही. पंचविशीतला पोरगा, हुशार आहे, पण त्याच्या तोंडी सतत ‘वातावरण’. या पावसाळ्यात त्याने ठरवलं की नवी मालिका गोव्यातल्या जुन्या घरात बसूनच लिहायची. दाखल्याला १८१६ सालचं जिनिव्हा सरोवर काढलं. बायरन, शेली हे कवी आणि मेरी ही मंडळी पावसाने घरात अडकली, भुताच्या गोष्टी रचायचं ठरलं आणि त्यातून मेरीची ‘फ्रँकेन्स्टाइन’ कादंबरी निघाली. गोष्ट खरी आहे. पण तो अवेळी गारठा आणि पाऊस आदल्या वर्षी इंडोनेशियात फुटलेल्या तांबोरा ज्वालामुखीच्या कृपेने होता. गोव्यातल्या आमच्या सत्तरी तालुक्यात ज्वालामुखीवाचून शंभर इंचांच्या वर कोसळतो, आणि सत्तरीतल्या प्रत्येक घरात काही कादंबरी निघत नाही. शिवाय मेरीनेच पुढे लिहून ठेवलंय की रोज सकाळी तिला ‘सुचली का गोष्ट?’ म्हणून विचारायचे आणि तिला मान खाली घालून ‘नाही’ म्हणावं लागायचं. हा भाग कुठलाच निर्माता सांगत नाही.

घर मीच मिळवून दिलं. वाळपईच्या पुढे, माझ्या आत्याच्या सासरचं. मधोमध राजांगण, तुळस, चारी बाजूंनी उतरती मंगळुरी कौलं. माणसं मुंबईला आणि दुबईला. मागच्या दोन खोल्यांत राखणीला एक वयस्क जोडपं. निर्मात्याने आल्याआल्या पिशवीतून सुगंधी मेणबत्त्या आणि धुराचं एक यंत्र काढलं. ते यंत्र बघून काकी म्हणाल्या, ‘डास मारायचं का?’

खरं वातावरण त्या घराच्या खिडक्यांत होतं आणि तिकडे त्याचं लक्षही गेलं नाही. जुन्या गोमंतकीय घरांत काचेऐवजी शिंपल्यांची तावदानं असतात. पातळ घासलेला, तळहाताएवढा एकेक शिंपला लाकडी पट्ट्यांत ओवलेला. दिवसा त्यातून दुधाळ उजेड येतो, बाहेरचं काही दिसत नाही. रात्री मात्र बाहेर कोणी दिवा घेऊन चाललं तर उजेडाचा एक गोळा एका शिंपल्यातून दुसऱ्यात सरकत जातो. माणूस दिसत नाही, पाऊल ऐकू येत नाही, कारण पाऊस चालू असतो. मी तिथे उभी राहून चार ओळी टिपून घेतल्या. लिहिणार सोमवारी, घरी, टेबलावर. जागा माल गोळा करायला असते.

आता देवचाराचं. कंपनीला सूड घेणारा देवचार हवा होता. देवचार हे आमच्याकडे भूत नव्हेच, हे मी पत्रातून कळवलं, फोनवर सांगितलं, उत्तरादाखल एक इमोजी आली. तो सीमेचा राखणदार. हातात दांडा, खांद्यावर कांबळ, रात्री आपल्या वाटेने फिरणारा. त्याला रोट म्हणजे जाड भाकर ठेवतात, विडी ठेवतात, दारू ठेवतात. म्हापशाचा राखणदार बोडगेश्वर, त्याला तर वहाणा वाहतात, चालून झिजतात म्हणून. साळच्या गड्यांच्या जत्रेत शिमग्याच्या रात्री डोंगरावर देवचाराचे दिवे दिसतात म्हणून माणसं पोराबाळांना घेऊन जागत बसतात. याच्यावर ‘सूड’ चिकटवायचा म्हणजे वॉचमनला दरोडेखोर करायचं.

रात्री दहाच्या सुमारास वीज गेली. त्यात नवल नाही, पावसात ती जातेच. साऊंडवाला मुलगा अख्ख्या टोळीत एकटा कामाचा होता. त्याने यंत्र बॅटरीवर टाकलं आणि सगळ्यांना गप्प बसवलं, रूम टोन घ्यायचा म्हणून. म्हणजे रिकाम्या खोलीचा आवाज. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते, आणि संवादांच्या खाली ती घातली नाही तर कान लगेच ओळखतो की हे स्टुडिओत बोललंय. आम्ही माजघरात श्वास रोखून बसलेलो.

काकांना यातलं काही माहीत नव्हतं. ते कंदील घेऊन मागिलदारी गेले, दार उघडलं आणि बाहेरच्या काळोखाशी बोलायला लागले. गाऱ्हाण्याचा सूर नव्हता, ‘व्हय महाराजा’ नव्हतं. कुंपणापलीकडच्या शेजाऱ्याशी बोलावं तसा साधा, थोडा कंटाळलेला आवाज. ‘मुंबईची पोरं आली आहेत. आत्याबायची भाची आहे बरोबर. रात्री बडबडतील, दिवे हलवतील, तू मनावर घेऊ नको. उद्या तुला रोट ठेवतो.’

मग गप्प. बेडूक चालू, पागोळ्या चालू.

मग काका म्हणाले, ‘बरं, मग परवा.’ आणि दार लावून आत आले.

माझ्या इतक्या वर्षांच्या धंद्यात मानेवरचे केस असे उभे राहिले नव्हते. साऊंडवाल्याने माझ्याकडे बघितलं, यंत्र बंद केलं नाही. निर्माता फोनच्या उजेडात मेणबत्त्या शोधत होता.

सकाळी चहाच्या वेळी साऊंडवाल्या मुलाने सरळ काकींना विचारलं की ते आवाज वापरले तर चालतील का. त्या म्हणाल्या, ‘मला काय विचारता? बोलणं ज्याच्याशी झालं त्याला विचारा.’ मी विचारलं, रोट परवा का? तवा घासता घासता त्या म्हणाल्या, ‘आज एकादशी नाही का! ह्यांच्या कुठलं लक्षात.’

लक्षात नव्हतं, मग दारात उभ्याउभ्या कशाने आलं? आपलं आपणच आठवलं असेल. माणसाला आठवतंच. काकांना मात्र मी विचारलं नाही.

ती मधली शांतता मोजली तर चौदा सेकंदांची आहे. ऑडिओत तीन सेकंदांच्या वर काही नसलं की संकलक त्याला ‘मेलेली हवा’ म्हणतात. ऐकणारा गोष्ट बदलतो म्हणे. मी एक अख्खा भाग त्या चौदा सेकंदांभोवती लिहिला. सूड नाही, किंकाळी नाही, फक्त दारातला म्हातारा. प्रसारित झाला तेव्हा त्या जागी पैंजण होते. शांतता कापल्यामुळे ‘उद्या’च्या पाठोपाठ ‘परवा’ येऊ लागलं, ते विसंगत वाटलं म्हणून तेही वाक्य उडवलं. उरला काय, तर दार उघडून काळोखाला रोटाचं आश्वासन देणारा एक माणूस. भाग चांगला चालला, हे सांगायला निर्मात्याचा फोनही आला. मूळ ध्वनिफीत साऊंडवाल्याने मला गुपचूप पाठवली आहे.

आता दुसऱ्या पर्वासाठी त्यांना तेच घर हवंय, आणि या वेळी काकांचं बोलणं नीट, माईक लावून. मी काकांना फोन केला. विचारून सांगतो म्हणाले. परवानगीचं काम चालू आहे, असं मी कंपनीला कळवलंय. त्यांनी संमतिपत्राचा नमुना आणि परवानगी देणाऱ्याचं आधार कार्ड मागवलंय.