टोले ऐकू आले नाहीत

मुंबईत ओव्हल मैदानाच्या कडेने चालताना सुमा एकदम म्हणाली, "सहाचे टोले पडले बघ." मी वर राजाबाई टॉवरच्या घड्याळाकडे पाहिलं. काटे सहावरच होते. पण टोले? मला एकही ऐकू आला नव्हता. घरी येईपर्यंत मी गप्पच होते.

बसचा आवाज असेल. फोर्टात संध्याकाळी काय ऐकू येतं कुणाला! पण सुमा माझ्या शेजारीच होती. तीच बस, तोच भोंगा. मग तिला कसं आलं?

राजाबाई टॉवरची दुरुस्ती २०१५ मध्ये पूर्ण झाली, तेव्हा मी मुद्दाम बघायला गेले होते. दगड उजळला होता, ग्रंथालयाच्या रंगीत काचांतून ऊन असं आत आलं होतं की मला भरून आलं. मुकुंद रामचंद्रांनी घडवलेले ते पुतळे मान दुखेस्तोवर बघितले. दगड झाला, काच झाली, लाकूड झालं. पण ज्या शांततेत १८७८ मध्ये ही घंटा ऐकू यायची, ती कोण दुरुस्त करणार?

प्रेमचंद रायचंदांनी २ लाख रुपये दिले आणि मनोऱ्याला आईचं नाव दिलं. राजाबाईंना दिसत नसे. जैन घरातलं जेवण सूर्यास्ताच्या आत व्हायचं, आणि ती वेळ त्यांना टोल्यांवरून कळायची, असं सांगतात. त्यांची सगळी भिस्त कानांवर. घरी आल्यापासून मी त्यांचाच विचार करतेय. मला निदान काटे दिसले.

परवा चिनू फोनवर एकच वाक्य तीनदा बोलला. मला वाटलं रेंज नाही. अण्णांचंही असंच... जाऊ दे.

संध्याकाळभर स्वतःची कीव करून झाली. आता वाटतं, २८० फुटांच्या त्या मनोऱ्यालाही परांची बांधून घ्यावी लागली. माझ्या कानांना काही लागलं तर त्यात कमीपणा कसला?

सोमवारी कानाच्या डॉक्टरांकडे जाईन. सुमा येते म्हणाली आहे. त्याआधी रविवारी भल्या पहाटे, रस्ता रिकामा असताना, आम्ही दोघी ओव्हलवर जाऊ. घड्याळाकडे पाठ करून उभी राहीन, आणि किती वाजले ते मी सांगेपर्यंत तिने तोंड उघडायचं नाही, हे तिला आत्ताच फोनवर बजावलंय.