खाकीतला फोटो

मला आज हेवा वाटला. गळ्यापर्यंत मैल्यात उतरलेल्या माणसाचा.

छायाचित्रकार सुधारक ओलवेंचे मुंबईच्या सफाई कामगारांचे फोटो बघून आले. त्यातले काही आधी फोनवर पाहिलेले होतेच. पण फोनवर अंगठ्याएवढा दिसणारा माणूस भिंतीवर आपल्या डोळ्यांसमोर आला की सरकवता येत नाही. मॅनहोलमधून वर आलेलं फक्त डोकं आणि खांदे. काळ्या-पांढऱ्या फोटोत पाणी, मळी आणि माणसाची कातडी एकाच रंगाची होऊन जाते. माणूस कुठे संपतो आणि घाण कुठे सुरू होते, हे जवळ जाऊन शोधावं लागतं. मी शोधत होते आणि मनात एकच चाललं होतं, याचा फोटो आहे.

शेजारी उभ्या असलेल्या बाईंनी विचारलं, "हे आता बंद झालंय ना हो?" त्यांचा आवाज खरोखर काळजीचा होता. हाताने मैला साफ करून घ्यायला बंदी घालणारा 1993 चा कायदा आहे, 2013 चा आहे. गटारात मेलेल्याच्या घरच्यांना द्यायची भरपाई 2023 च्या ऑक्टोबरमध्ये सुप्रीम कोर्टाने 10 लाखांवरून 30 लाख केली. जे बंद झालंय त्याची भरपाई कोणी वाढवत नाही. हे सगळं मला तोंडपाठ आहे, पण मी नुसतं "नाही" म्हटलं. त्या त्यानंतर बराच वेळ तिथेच उभ्या राहिल्या.

माझं मात्र लक्ष नव्हतं. राग यायला हवा होता, तो येऊन गेला. पुन्हा तिथेच आले. या माणसाला कोणीतरी कामावर असताना पाहिलंय. नीट पाहिलंय, उजेड बघून, जवळ जाऊन, वेळ देऊन. माझे बाबाही सफाई कामगारच. त्यांना कोणी पाहिलं?

आमच्या घरात बाबांचा एकच मोठा फोटो आहे, हार घातलेला. ते गेले तेव्हा कॅमेऱ्याचा फोन आमच्याकडे नव्हता. स्टुडिओवाल्याने आयकार्डावरचा फोटो मोठा करून दिला आणि त्यावर काळा कोट चढवला, लाल टायसकट. बाबांनी जन्मात कोट घातला नाही. लग्नातसुद्धा नाही. कोटाची कॉलर आणि मान यांच्या मध्ये एका बाजूला खाकीची बारीक पट्टी राहून गेली आहे. जवळून पाहिलं तरच दिसते. पाहुण्यांना दिसत नाही, मला मात्र घरात शिरल्याबरोबर तीच दिसते.

कामावरून आले की ते आधी नळावर जायचे. खाकी शर्ट दाराबाहेरच्या खिळ्याला. लाल लाइफबॉय वेगळा, त्याला आम्ही हात लावायचा नाही. हातपाय घासून झाले की नखं नाकाशी नेऊन बघायचे, पुन्हा घासायचे, मग उंबरा ओलांडायचे. तोवर मी दारात उभी. एवढं सगळं माझ्या डोक्यात आहे आणि बाहेर कुठेच नाही. मी गेले की तेही जाईल. गॅलरीत उभी राहून मला हेच वाटत होतं आणि स्वतःचीच फार कीव येत होती. ओलवेंना 2016 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा वस्तीतल्या पोरांनी आपल्याच घरातलं असल्यासारखे पेढे वाटले होते. मीही खाल्ला होता. आज वाटलं, बाबांच्या हजेरीच्या चौकीवर का नाही आलात तुम्ही?

(लाड-पागे समितीमुळे, म्हणजे सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी देण्याच्या तिच्या शिफारशीमुळे, बाबांच्या जागी दादा लागला आणि माझी कॉलेजची फी निघाली. त्याबद्दल आज लिहायचं नाही.)

रात्री आईला फोन केला. प्रदर्शनाचं सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "अगं, आला होता की एकदा एक पेपरवाला. चौकीवर. बाकीचे राहिले उभे ओळीनं. तुझे बाबा चहाला म्हणून गेले ते फोटो होईपर्यंत फिरकलेच नाहीत."

"का?"

"पोरीचं लग्न व्हायचंय म्हणाले."

मला काही बोलता येईना. मग तीच म्हणाली, "कोट मीच सांगितला होता स्टुडिओत. म्हटलं, आवडला असता त्यांना."

इतकी वर्षं मी त्या कोटावर मनातल्या मनात चिडले आहे. कोणीतरी बाबांना झाकलं असं मला वाटायचं. त्यांना झाकून घ्यायचंच होतं, तेही माझ्यापायी. आईने त्यांच्या मनासारखं केलं. बाबांनी कॅमेऱ्याला पाठ दाखवली, तेही त्यांचंच ठरवणं होतं. ते मला मान्य करायला हवं, आणि लिहिता लिहिता थोडं होतंय. खाकीतला फोटो मला हवा होता. त्यांना नाही.

पण मग भिंतीवरच्या त्या माणसांना मुली नव्हत्या का? असणारच. ओलवेंच्या फोटोंत नुसतं गटार नाही, त्यांची घरंही आहेत, बायकापोरं आहेत, दारू आहे. घरात घेतलं म्हणजे त्या माणसांनी किती भरवसा टाकला असेल आणि तो मिळवायला किती दिवस त्यांच्या मागे हिंडावं लागलं असेल. एका दुपारी चौकीवर येऊन ओळीने उभं करणाऱ्याला बाबांनी पाठ दाखवली. रोज येणाऱ्याला दाखवली असती का, कोण जाणे. हेवा अजून आहेच. पण आता त्या माणसांच्या फोटोचा नाही. लेकीला काय वाटेल याची भीती बाजूला ठेवून ते सरळ समोर बघू शकले, त्याचा आहे. आणि बाबा ते करू शकले नाहीत म्हणून ते कमी होते असं मला कोणी म्हणू नये.

दादाला मेसेज केला, तुझा एक फोटो काढू का, ड्रेसवर, चौकीवर येऊन. बराच वेळ नुसत्या निळ्या टिका. मग त्याचं उत्तर आलं, "स्टेटसला टाकणार असशील तर नको."

नाही टाकणार म्हटलं.

"मग ये. सहाला सुटतो."