टॅरो शिकताना आधी चित्र बघा

टॅरो, म्हणजे प्रश्न मनात धरून वाचायचे चित्रांचे पत्ते, शिकायला घेतलं की बहुतेक जण ७८ पत्त्यांचे अर्थ पाठ करायला बसतात. माझं मत वेगळं आहे. पत्त्यांसोबतची अर्थांची पुस्तिका बाजूला ठेवा, आधी चित्र बघा. १९०९ साली लंडनच्या रायडर प्रकाशनाने काढलेल्या संचात पामेला कोलमन स्मिथने एक्का ते दश्शी अशा ४० आकड्यांच्या पत्त्यांवरही बहुतेक ठिकाणी माणसं आणि प्रसंग रंगवले. जुन्या मार्सेय नावाच्या फ्रेंच संचात तिथे नुसते पेले नि तलवारी मोजायच्या. नवशिक्याला हा फरक फार मोठा.

मी फोंड्यात राहते. सकाळी चहा झाला की एक पत्ता काढते आणि काय दिसलं ते वहीत लिहिते. एकदा पेल्यांचा पंजा आला: काळ्या झग्यातला माणूस, पुढ्यात तीन पेले सांडलेले, पाठीमागे दोन उभे. मला थेट मावशी दिसली. विकलेल्या भाटाचं, म्हणजे माडांच्या बागेचं, दुःख ती रोज काढते, उरलेल्या माडांकडे बघतही नाही. पुस्तिका मग उघडली, तर अर्थ जवळपास तोच. त्या दिवशी मला फार आनंद झाला.

आई म्हणते, "आपण देवळात कौल घेतो, मग हे कशाला गो?" कौल देवाला लावायचा असतो, त्याच्या उत्तरावर श्रद्धा ठेवायची असते. पत्त्यांना मी तसं विचारत नाही. 'हे होईल का?' ऐवजी 'यात माझ्या नजरेतून काय सुटतंय?' असं विचारते. आजारपणाचे प्रश्न तर घेतच नाही, त्याला डॉक्टर आहेत.

सध्या राजा-राणीचे पत्ते जड जातायत.