कॅपिटॉलमधली काठी

वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलच्या, म्हणजे अमेरिकेच्या संसद भवनाच्या, दारातच माझी काठी काढून घेतली. जप्त नाही केली. सरकत्या पट्ट्यावरून एक्स-रे मशीनमधून पाठवली. पलीकडच्या पोलिसाने ती उलटसुलट करून पाहिली, खालचं रबरी बूच दाबलं आणि हसून परत दिली. गुडघा बदलल्यापासून ही काठी सोबत आहे. कराडच्या मंडईत तिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही, इथे मात्र तिची झडती. पण या इमारतीने काठीला वचकून असायला सबळ कारण आहे, हे तासाभराने कळलं.

लेकीकडे व्हर्जिनियात, अ‍ॅशबर्नला आले होते. तिथून सिल्व्हर लाइन मेट्रो थेट कॅपिटॉल साउथला आणून सोडते. लेकीने रजा टाकली होती, पाचवीतली नात सोबत. मी शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवला. अमेरिकेची यादवी आमच्या वाट्याला दीड पान. लिंकन, गुलामगिरी, युद्ध, घंटा.

आमच्या टूरमध्ये जुनं सिनेट सभागृह होतं. मी कल्पना केली होती त्यापेक्षा कितीतरी लहान. अर्धवर्तुळात मांडलेली महोगनीची छोटी डेस्कं, लाल पडदे, गालिच्यावर सोनेरी तारे, अध्यक्षांच्या आसनावर सोनेरी गरुड. १८५९ पर्यंत सिनेट इथे भरत असे. डेस्कं इतकी दाटीवाटीची, की कुणी चिडून उठलं तर शेजाऱ्याला धक्का लागलाच पाहिजे.

२२ मे १८५६. कामकाज संपलं होतं. मॅसॅच्युसेट्सचे सिनेटर चार्ल्स समनर डेस्कवर वाकून आपल्या भाषणाच्या प्रती टपालासाठी तयार करत बसले होते. कॅन्ससमध्ये गुलामगिरी शिरू देण्याविरुद्धचं ते भाषण दोन दिवस चाललं होतं, आणि त्यात त्यांनी साउथ कॅरोलिनाच्या सिनेटर बटलरांना गुलामगिरीचा प्रियकर ठरवून यथेच्छ झोडलं होतं. बटलरांच्या नात्यातला प्रेस्टन ब्रूक्स प्रतिनिधिगृहाचा सदस्य. तो आला आणि सोन्याच्या मुठीची, गटापर्चाची (रबरासारख्या टणक चिकाची) काठी समनरांच्या डोक्यात घालू लागला. डेस्क जमिनीला स्क्रूने पक्कं केलेलं. समनरांनी उठण्याच्या धडपडीत ते उखडलं. काठीचे तुकडे झाले तरी ब्रूक्स थांबला नाही. त्याचा एक सोबती मध्ये पडणाऱ्यांना अडवत उभा होता.

ब्रूक्स काठी वापरायचा, कारण तरुणपणी द्वंद्वात त्याच्या कमरेत गोळी बसली होती. म्हणजे काठी आधारालाच होती. मी नकळत माझी दुसऱ्या हातात घेतली.

मारहाणीपेक्षा तिच्यानंतरचं मला जास्त बोचलं. ब्रूक्सला काढून टाकायला दोन तृतीयांश मतं हवी होती. १२१ विरुद्ध ९५ झाली, पुरली नाहीत. कोर्टाने ३०० डॉलर दंड केला. त्याने स्वतःच राजीनामा दिला आणि त्याच्या मतदारांनी त्याला पुन्हा निवडून पाठवलं. दक्षिणेतून त्याला नव्या काठ्या भेट आल्या, काहींवर कोरलेलं: आणखी एकदा हाण. इकडे मॅसॅच्युसेट्सने समनरांनाच पुन्हा निवडलं आणि ते बरे होऊन कायमचे परतेपर्यंत, तीन वर्षं, ती खुर्ची बहुतेक रिकामीच राहू दिली.

हल्ली ज्याला त्याला अमेरिकेत १८५० चं दशक दिसतं. जावईबापूंच्या मित्रमंडळीतही रात्रीच्या जेवणाला हाच विषय. मला अशी सरधोपट तुलना पटत नाही. तेव्हा सुमारे चाळीस लाख माणसं गुलाम होती, त्या प्रश्नाच्या तोडीचं आज काही नाही. पण काठी मारणारा एखादा कुठल्याही काळात निघतो. नव्या काठ्या पाठवणारे किती निघतात, तिथे मला साम्य दिसतं. २०२२ मध्ये सभापती नॅन्सी पेलोसी यांच्या नवऱ्यावर हातोडा चालला, २०२४ मध्ये गोळी ट्रम्प यांचा कान चाटून गेली. दोन्ही वेळा माझ्या फोनवर पहिल्या तासाभरात काय आलं असेल? विनोद. तेही आपल्याच माणसांकडून, दोन्ही बाजूंचे.

६ जानेवारी २०२१ ला निवडणुकीचा निकाल रोखायला कॅपिटॉलमध्ये घुसलेली ट्रम्प समर्थकांची गर्दी मी कराडला, मध्यरात्र उलटून गेल्यावर टीव्हीवर पाहिली होती. त्यातला एक फोटो जगभर छापून आला: एक माणूस दक्षिणेचा जुना बंडखोर झेंडा खांद्यावर टाकून कॅपिटॉलमधून चाललाय. मागच्या भिंतीवर दोन तसबिरी आहेत, गुलामगिरीचे कट्टर कैवारी जॉन कॅल्हून यांची आणि चार्ल्स समनर यांची. यादवीच्या चार वर्षांत तो झेंडा इथवर पोचला नव्हता. त्या दिवसाच्या खटल्यांतल्या सुमारे १,५०० जणांना जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी माफी दिली. ब्रूक्सचा ३०० डॉलरचा दंड मला त्यावरून आठवला.

पुतळ्यांच्या दालनात जमिनीवर एक छोटी पितळी पट्टी आहे, लिंकन खासदार असताना तिथे बसायचे म्हणून. त्याच दालनात अलेक्झांडर स्टीफन्स, बंडखोर दक्षिणेचे उपराष्ट्राध्यक्ष, संगमरवरात बसलेत. दोघे एकाच पक्षाचे, एकाच सभागृहात होते. नात पट्टीवर उभी राहून फोटो काढून घेत होती, आणि मी विचार करत होते तिसऱ्याच माणसाचा.

जॉन ब्रेकिनरिज. १८६० ची निवडणूक ते लिंकनविरुद्ध हरले: लिंकनना १८० इलेक्टोरल मतं (राज्यांच्या निवडणूक प्रतिनिधींची), यांना ७२. पण उपराष्ट्राध्यक्ष म्हणून ती मतं मोजून निकाल जाहीर करायचं काम त्यांच्याकडेच. १३ फेब्रुवारी १८६१. सात राज्यं फुटून निघाली होती, जेफरसन डेव्हिस यांना त्यांनी आपला अध्यक्षही नेमला होता. मोजणी उधळतील या धास्तीने जनरल स्कॉट यांनी इमारतीभोवती सैनिक ठेवले, पासाशिवाय कुणाला आत सोडलं नाही. ब्रेकिनरिज यांनी एकेक पाकीट उघडलं, मोजणी झाली आणि लिंकन निवडून आले असं स्वतःच्या तोंडाने सांगितलं. पुढे हेच गृहस्थ बंडखोरांचे सेनापती झाले आणि सिनेटने त्यांना हाकलून दिलं. म्हणजे संत नव्हेत. पण त्या दुपारी त्यांनी बेरीज बदलली नाही.

२०२१ मध्ये माइक पेन्स त्याच जागी होते. बाहेर त्यांच्याच पक्षाची माणसं त्यांना फाशी द्या म्हणून ओरडत होती. मतांच्या पेट्या कर्मचाऱ्यांनी उचलून नेल्या म्हणून वाचल्या. २०२५ मध्ये कमला हॅरिस यांनी आपला पराभव आपणच वाचून दाखवला, अर्ध्या तासात, आणि कुणी टीव्हीसुद्धा लावला नाही. मला तो कंटाळवाणा अर्धा तास फार आवडला.

रविवारी हार्पर्स फेरीला गेलो. शेनँडोआ पोटोमॅकला मिळते तिथे; आमच्या प्रीतिसंगमासारख्या समोरासमोर नाही, एक अलगद दुसरीच्या कुशीत शिरते. पलीकडे मेरिलँड, त्या बाजूला व्हर्जिनिया, आणि आपण उभे त्या वेस्ट व्हर्जिनियाचा जन्मच १८६३ सालच्या भांडणातला. ऑक्टोबर १८५९ मध्ये जॉन ब्राउन २१ साथीदार घेऊन इथलं शस्त्रागार लुटायला आला, गुलामांना उठवायला. शेवटी ज्या बंबखान्यात तो कोंडला गेला, ती तीन कमानदार दारांची विटांची खोली तिथे आहे. तिच्या विटा सुट्या करून १८९३ च्या जत्रेसाठी शिकागोला नेल्या होत्या, विवेकानंद गेले त्याच वर्षीच्या. आता ती मूळ जागेपासून थोडी सरकून उभी आहे.

जवळच एक शिळा आहे. ब्राउनच्या माणसांच्या गोळीने पहिला मेला तो हेवर्ड शेपर्ड, रेल्वेतला स्वतंत्र कृष्णवर्णीय कामगार. १९३१ मध्ये दक्षिणाभिमानी संस्थांनी ‘निष्ठावंत’ म्हणून त्याचं स्मारक उभारलं. शेजारच्या फलकावर कृष्णवर्णीय विचारवंत ड्युबॉइस यांचे ब्राउनच्या गौरवाचे शब्द आहेत. दगड दगडाला उत्तर देतोय. जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केली. ते पान मी वर्गात दरवर्षी वाचून दाखवायचे. या दोन पाट्यांपुढे ते पुन्हा तोंडात आलं.

शटलच्या थांब्यावर बाकावर एक म्हातारं जोडपं होतं. माझी काठी पाहून सरकून जागा दिली. आजोबा म्हणाले, ‘हिच्या मते ब्राउन संत, माझ्या मते खुनी. चाळीस वर्षं भांडतोय.’ आजी खळखळून हसल्या. दोघांनी दोन्ही बाजूंचे मुद्दे मला हिरिरीने ऐकवले, एकमेकांची वाक्यं तोडत.

गंमत वाटली म्हणून मी विचारलं, ‘आणि मागच्या निवडणुकीत?’

आजींनी पर्सची चेन लावली. आजोबा नदीकडे पाहू लागले. ‘त्यावर आम्ही घरात बोलत नाही,’ ते म्हणाले. तेवढ्यात शटल आली.