तुम्ही विचारलंत म्हणून : छतावरचे पाणी आणि कायदा

घराच्या छतावर पडणारे पावसाचे पाणी साठवायला परवानगी लागते का, असे मला वारंवार विचारले जाते. पिंपभर पाण्यासाठी बहुतेक ठिकाणी ती लागत नाही. मात्र विचारणाऱ्याचे सारे लक्ष पाणी भरण्याकडे असते आणि कायद्याचे लक्ष ते पुढे कुठे जाते याकडे.

‘अमेरिकेत पाऊस साठवणे गुन्हा आहे’ या आवडत्या बातमीत तथ्य आहे ते कोलोरॅडोसारख्या कोरड्या राज्यांपुरते. ज्याने पाण्यावर आधी हक्क मिळवला त्याला पाणी आधी, असा तिथला नियम असल्यामुळे छतावरचे पाणीही खालच्या अंगाच्या जुन्या हक्कदाराकडे निघालेले मानले जाई. 2016 च्या कायद्याने घरमालकाला दोन पिंपांत मिळून 110 गॅलन, म्हणजे सुमारे 416 लिटर पाणी बागेसाठी साठवण्याची मुभा मिळाली. शंभर चौरस मीटरच्या छतावर जेमतेम पाच मिलिमीटर पाऊस झाला तरी एवढे पाणी जमते, तेव्हा ही मुभा फार उदार म्हणता येणार नाही. याउलट नद्या नसलेल्या बर्म्युडात छतावरचे पाणी टाकीत घेणे कायद्यानेच बंधनकारक आहे. भारतात 1882 च्या सुविधाधिकार कायद्यानुसार ठरावीक प्रवाहातून न वाहणारे पाणी आपल्या हद्दीत गोळा करण्याचा हक्क जमीनमालकाला आहे.

हद्दीबाहेरचे प्रकरण निराळे. इंग्लंडमध्ये एकाच्या जलाशयाचे पाणी जुन्या बोगद्यांतून शेजाऱ्याच्या खाणीत शिरले, तेव्हा मालकाचा स्वतःचा निष्काळजीपणा नसतानाही भरपाई त्याच्याच माथी पडली. 1868 चा हा निकाल आजही उद्धृत होतो. म्हणून टाकी ओसंडल्यावरचे पाणी शेजाऱ्याच्या भिंतीशी सोडू नये.

सर्वांत कडक नियम असतात ते नळाच्या जोडणीचे, आणि माझ्या मते ते तसे असणेच योग्य आहे. पावसाच्या टाकीत नळाचेही पाणी घ्यायचे असेल, तर नळाचे तोंड टाकीतील पाण्याच्या सर्वांत वरच्या पातळीपेक्षा उंचावर, मध्ये मोकळी हवा राहील असे ठेवावे लागते. अन्यथा जलवाहिनीतील दाब घटताच टाकीतले पाणी उलट ओढले जाऊन सगळ्या वस्तीच्या पिण्याच्या पाण्यात मिसळू शकते. डासांसाठी झाकण आणि बारीक जाळी तर हवीच.

भाड्याच्या घरात किंवा सामाईक छत असलेल्या इमारतीत मालकाची अथवा संस्थेची संमती लेखी घ्यावी, कारण अशा ठिकाणी वाद बहुधा पाण्यावरून न होता छतावर पडणाऱ्या वजनावरून आणि गळतीवरून होतात.