मोठी कॉपी लावली की बाहेरची एसएसडी गायब: ब्रिज चिपची तपासणी, माझा अनुभव

१ टीबीची एनव्हीएमई (पीसीआयईवरून चालणारी वेगवान) एसएसडी, ती बसवायला १० गिगाबिटचं एन्क्लोजर, म्हणजे यूएसबीचं खोकं. किरकोळ फाइल्स बिनतक्रार जायच्या; मोठी कॉपी लावली की तीस-चाळीस जीबीनंतर ड्राइव्ह गायब. लिनक्सच्या कर्नल लॉगमध्ये आधी यूएएसच्या (यूएसबीवरून एकाच वेळी अनेक कमांड रांगेत पाठवण्याच्या पद्धतीच्या) 'अबॉर्ट'च्या ओळी, मग 'रीसेट', मग डिस्कनेक्ट. अशा वेळी सगळे ब्रिज चिपच्या, म्हणजे एन्क्लोजरमधल्या यूएसबी आणि एसएसडी जोडणाऱ्या चिपच्या, नावाने खडे फोडतात. मीही तिथूनच सुरुवात केली.

चिपचं नाव खोक्यावर क्वचितच छापलेलं असतं, पण 'एलएसयूएसबी' कमांड ते सांगते. आयडीचा पहिला भाग १५२डी असेल तर जेमायक्रॉन, १७४सी असेल तर एएसमीडिया, ०बीडीए असेल तर रियलटेक. मला ०बीडीए:९२१० दिसला, म्हणजे आरटीएल९२१०. याच चिपची 'बी' आवृत्ती एनव्हीएमईबरोबर साटा एम.२ सुद्धा चालवते. आयडीवरून हा फरक कळेलच असं नाही, झाकण काढून चिपवरचं अक्षर वाचावं. जेएमएस५८३, एएसएम२३६२ आणि ही, तिघींचं काम एकच: यूएसबीवरून आलेल्या स्कझी (डिस्कसाठीच्या जुन्या भाषेतल्या) कमांड एनव्हीएमईत बदलायच्या आणि पीसीआयई ३.० च्या दोन लेनवरून एसएसडीला द्यायच्या. अडतं ते यूएसबीच्या १० गिगाबिटपाशी; प्रत्यक्षात सेकंदाला १,००० एमबीच्या आसपास मिळतात. सेकंदाला ७,००० एमबी वेगाची एसएसडी घालून इथे काही हाती लागत नाही, उष्णता मात्र वाढते.

'एलएसयूएसबी'लाच 'टी' हा पर्याय दिला की जोडणीचं झाड दिसतं. ड्रायव्हर 'यूएएस' आणि वेग १००००एम हवा. ५०००एम असेल तर पोर्ट किंवा केबल कमी पडतेय. ४८०एम दिसला तर टाइप-ए प्लग काढून एका दमात पुन्हा घाला. यूएसबी ३ चे पाच जादा संपर्क प्लगच्या आत खोलवर असतात. प्लग हळूहळू सरकवला तर पुढचे जुने चार आधी टेकतात आणि जोडणी यूएसबी २ वरच होऊन बसते. गंमत वाटेल, पण हे वरचेवर होतं.

माझा वेग बरोबर होता, म्हणून यूएएस बंद करून पाहिलं: कर्नलच्या 'यूएसबी-स्टोरेज क्वर्क्स' या सेटिंगमध्ये आयडी आणि पुढे 'यू' लिहिलं. ड्राइव्ह तुटणं कमी झालं, थांबलं नाही. बहुतेक लोक इथेच समाधान मानतात, आणि मला तेच चुकीचं वाटतं. यूएएस गेलं की कमांडची रांग जाते, छोट्या विखुरलेल्या फाइल्सचा वेग कोसळतो, बऱ्याचदा ट्रिमही (पुसलेल्या फाइल्सची जागा रिकामी झाल्याचं एसएसडीला कळवणं) जातं. शिवाय भार घटला म्हणून बिघाड कमी झाला असेल, तर मूळ दुखणं विजेचं असू शकतं.

एसएसडीच्या लेबलवर ३.३ व्होल्ट, २.५ ॲम्पिअर लिहिलं होतं: कमाल ८.२५ वॅट. त्यात ५ व्होल्टचे ३.३ करताना होणारा तोटा आणि ब्रिजचा स्वतःचा खप. यूएसबी ३ चा ए पोर्ट नियमाप्रमाणे ०.९ ॲम्पिअर देतो, म्हणजे ४.५ वॅट. मी कॅबिनेटच्या पुढच्या ए पोर्टला एक मीटरची केबल लावली होती. लांब, बारीक तारेत व्होल्टेज आणखी पडतं. सलग लेखनात एसएसडीने ओढ घेतली की ब्रिज रीसेट होतो. मदरबोर्डचा मागचा सी पोर्ट ३ ॲम्पिअरचा होता, म्हणजे १५ वॅट. तिथे ३० सेंटीमीटरची सी-टू-सी केबल लावली, यूएएस पुन्हा चालू केलं आणि २०० जीबी सलग लिहिले. लॉगमध्ये एकही ओळ नाही. मधे वेग घसरला तो एसएसडीचा एसएलसी कॅश (लेखनासाठीचा छोटा वेगवान भाग) भरल्यामुळे. त्यात ब्रिजचा दोष नाही.

कमी वीज खाणारी डीरॅमविरहित (स्वतःची मेमरी चिप नसलेली) एसएसडी हाही उपाय आहे, पण अशा एसएसडी एरवी संगणकाची मेमरी उसनी घेतात आणि यूएसबी ब्रिजमागून ती सोय मिळत नाही.

झाकण उघडलंच होतं म्हणून थर्मल पॅडही (एसएसडीची उष्णता झाकणाकडे नेणारी मऊ पट्टी) पाहिला. त्यावर एसएसडीच्या कंट्रोलरचा, म्हणजे तिच्या मुख्य चिपचा, चौकोनी ठसा उमटायला हवा. माझ्या पॅडवर फक्त फ्लॅश चिपचे ठसे होते. कंट्रोलरवर अर्ध्या मिलिमीटरचा जादा पॅड लावला. तापमान 'स्मार्टसीटीएल'ने दिसतं, फक्त प्रकार सांगावा लागतो: 'एसएनटीरियलटेक', 'एसएनटीजेमायक्रॉन' किंवा 'एसएनटीएएसमीडिया'.

राहिलं ट्रिम. 'एलएसबीएलके'ला मोठा 'डी' देऊन डिस्कार्डच्या रकान्यात शून्य आलं, तर 'एसजी_व्हीपीडी' कमांडने ब्रिजचं एलबीपीव्ही हे माहितीचं पान वाचा. त्यात एलबीपीयू १ असेल तर ब्रिजला अनमॅप (ट्रिमसाठीची स्कझी कमांड) येतं. सिसएफएसमधल्या (लिनक्सच्या कर्नल सेटिंगच्या फोल्डरमधल्या) 'प्रोव्हिजनिंग_मोड' फाइलमध्ये 'अनमॅप' लिहिलं की ट्रिम चालू होतं. कायमसाठी आयडी घालून युडेव्हचा (जोडलेल्या उपकरणांना सेटिंग लावणाऱ्या लिनक्सच्या यंत्रणेचा) नियम करा. एलबीपीयू ० असताना जबरदस्ती नको, आणि पहिली चाचणी रिकाम्या ड्राइव्हवरच.

फर्मवेअरला मी हातच लावला नाही. कुणाला लावायचाच असेल तर आधी जुना फर्मवेअर आणि कॉन्फिग वाचून जपून ठेवा, आणि 'बी' नसलेल्या चिपवर 'बी'ची फाइल चढवू नका.